ताण कुणी सोसायचा?

सांगोल्याकडं डाळिंबाची बाग ताणावर सोडली की महिना-दीड महिना तिचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळायला लागतात, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, गेली ही बाग. बागवाला मात्र दर दोन-तीन दिवसांनी चक्कर मारतो, फांदीच्या सालीला नख लावून आत हिरवं आहे ना ते बघतो. मग पानगळ, छाटणी, खतं उरकून एका सकाळी ठिबक सुरू होतं आणि काही आठवड्यांत झाड कळ्यांनी भरतं. मृग, हस्त, आंबे, कुठलाही बहार धरायचा तर आधी हा ताण द्यावा लागतो. शास्त्राच्या पुस्तकात पाण्याची ओढ, क्षार, उष्णता, थंडी या सगळ्यांना मिळून ‘अजैविक ताण’ म्हणतात. त्यातला ताण आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज पडली नाही. झाड ताण सोसतं, त्याला जबाब देतं, कधी त्यातूनच फळ धरतं, हे तो पिढ्यान्‌पिढ्या बघत आला आहे. ताण तोडायला विहिरीत पाणी असेल तरच तो द्यायचा, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं.

हे आठवायला कारण आहे. दुष्काळ आणि क्षारपड जमीन या दोन्ही दुखण्यांवर ‘ताण सोसणारं बियाणं’ हे एकच औषध अलीकडं मोठ्या उमेदीनं सांगितलं जातं. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यातल्या ‘पुसा डीएसटी राइस १’ या जातीच्या नावातच दुष्काळ आणि क्षार दोन्ही आहेत. आपल्याकडं बारामतीजवळ माळेगावात २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. म्हणजे हा विषय आता चार शास्त्रज्ञांपुरता राहिलेला नाही, सरकारी धोरणाच्या पानावर आला आहे. अशा वेळी पिकाकडून किती मागावं आणि कुठली कामं पिकाच्या अंगावर ढकलू नयेत, याचा नीट विचार व्हायला हवा. मला वाटतं, ‘दुष्काळ आणि क्षार’ ही जोडी एका दमात उच्चारली जाते तिथंच आपली पहिली चूक होते.

आधी दुष्काळाचं बघू. जानेवारीत दुपारी दीडच्या सुमाराला मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभं राहिलं तर ज्वारी आजारी वाटते. पानं मधल्या शिरेकडं गुंडाळलेली, पुंगळीसारखी. मी तसं बोललो तेव्हा बांधावरच्या आजी म्हणाल्या, “आत्ता काय बघताय, सकाळी या. सकाळी पानं उलगडल्याली असत्यात.” सकाळी गेलो तर खरंच रान पुन्हा हिरवंगार. पानाच्या वरच्या अंगाला फुगीर पेशींच्या ओळी असतात. ऊन चढलं की त्यांतलं पाणी कमी होतं आणि पान आपोआप मिटतं, उन्हाला अंग कमी दाखवतं. पानाच्या मागं आणि खोडावर मेणाचा पांढुरका लेप असतो, बोट फिरवलं तर बोटाला लागतो. तोही पाणी धरून ठेवतो. जमिनीत ओल कमी होऊ लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्याच्या सांगण्यावरून पानावरची सूक्ष्म छिद्रं, पर्णरंध्रं, बंद होतात. पेशींत प्रोलीनसारखे पदार्थ साठतात, त्यामुळं पेशी पाणी सहजी सोडत नाहीत.

या सगळ्याची किंमत झाड मोजत असतं. ज्या छिद्रातून पाणी जातं त्याच छिद्रातून कार्बन डायऑक्साइड आत येतो. त्याचा एक रेणू आत घ्यायला पाण्याचे शेकडो रेणू बाहेर सोडावे लागतात. छिद्र मिटलं की तहान थांबते आणि उपासमार सुरू होते. म्हणून जगणं आणि पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडुंग कुठल्याही दुष्काळात जगतो, पण त्यातून पोतं भरत नाही. शेतकऱ्याला ताणात तगलेलं आणि शिवाय कणसात दाणा भरलेलं झाड हवं असतं, आणि ‘दुष्काळ सोसणारी जात’ या शब्दांत हा फरक बुजून जातो.

रब्बी ज्वारीनं हा फरक कसा साधला ते मोठं शहाणपणाचं आहे. हस्ताच्या पावसाच्या ओलीवर तिची पेरणी होते. त्यानंतर पाऊस आला तर आला. काळ्या जमिनीत मुरलेली ओल हा तिचा वर्षाचा शिधा, आणि तो चार महिने पुरवून खायचा. शेतकरी कोळपं चालवून भेगा बुजवतो, ओल उडू देत नाही, ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ ही म्हण त्यातूनच आली. झाड आपल्या परीनं तेच करतं. इथिओपियातून आलेल्या एका ज्वारीच्या वाणावर जगभर बरंच संशोधन झालं आहे. दाणा भरेपर्यंत तिची पानं हिरवी राहतात. हे हिरवेपण येतं कुठून याचा शोध घेतल्यावर दिसलं, की या झाडाला फुटवे कमी, वरची पानं लहान. फुलोऱ्याच्या आधी ते पाणी जपून वापरतं, म्हणून दाणा भरायच्या वेळी जमिनीत काही शिल्लक राहतं. नवं पाणी त्यानं निर्माण केलेलं नाही, असलेलं पाणी योग्य महिन्यासाठी राखून ठेवलं. ज्या वर्षी भरपूर पाऊस होतो त्या वर्षी हीच काटकसर आड येऊ शकते, कारण मोठं झाड जास्त उन्हाचं सोनं करू शकलं असतं.

म्हणून ‘कुठला दुष्काळ?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. पेरणीनंतर लगेच उघडीप पडली, ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या शेंगा भरताना वीस-पंचवीस दिवस पाऊस गायब झाला, की शेवटी ओल संपली? तिन्हींना झाडाचं उत्तर वेगळं. एका दुष्काळाचा पहिलवान दुसऱ्यात चीत होतो. या बाबतीत आपल्याकडच्या पैदासकारांनी शहाणं काम केलं आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ आजही शेतात आहे. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, खरिपात संकरित ज्वारीनं जम बसवला, पण रब्बीत मालदांडीला कुणी हलवू शकलं नाही. तिची भाकरी, तिचा मोत्यासारखा दाणा आणि तिचा कडबा हे तिन्ही लोकांना हवं होतं. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं पुढं जमिनीची खोली बघून जाती दिल्या. हलक्या रानाला फुले अनुराधा, फुले माउली. मध्यमला फुले सुचित्रा. भारी जमिनीला फुले वसुधा. शिधा किती, त्यावर खाणारा ठरवायचा, हा हिशेब त्यामागं आहे. एकच चमत्कारी बियाणं सगळ्या महाराष्ट्राला पुरेल असं न मानता केलेलं हे काम आहे.

आता नव्या तंत्राकडं. जनुकीय तंत्राचं नाव काढलं की एक बाजू हुरळून जाते आणि दुसरी दार लावून घेते. दोघांनाही मी थोडं थांबा म्हणेन. ‘पुसा डीएसटी राइस १’ मध्ये आंध्रच्या एमटीयू १०१० या लोकप्रिय जातीतलं एक जनुक निकामी केलं आहे. ते जनुक झाडाच्या ताण-प्रतिसादाला लगाम घालतं. लगाम सुटला की पानावरची छिद्रं कमी होतात आणि पाणी टिकतं. बाहेरचं कुठलंही जनुक यात राहिलेलं नाही, म्हणूनच मार्च २०२२ मध्ये केंद्रानं अशा संपादित पिकांना जनुकीय सुधारित पिकांच्या कडक नियमांतून मोकळं केलं. निसर्गातही असे बदल आपोआप होत असतात, हा शास्त्रज्ञांचा मुद्दा मला पटतो. दुसऱ्या बाजूचे प्रश्नही पोकळ नाहीत. पेटंट कुणाचं, आणि चाचण्यांचे आकडे काय सांगतात? या जाती जाहीर झाल्या त्याच वर्षी जनुकीय पिकांच्या विरोधातल्या संघटनांनी या जातींच्या चाचण्यांच्या आकडेवारीवर जाहीर आक्षेप घेतले आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं ते फेटाळले. या वादात शेतकऱ्याच्या बाजूनं एकच मागणी करता येते: कुठल्या केंद्रावर, कुठल्या जमिनीत, किती वर्षं, किती उत्पादन, हे ठिकाणवार सगळ्यांसमोर मांडा. सरासरीच्या एका आकड्यावर कुणी पेरणी करत नाही.

परदेशातला अनुभवही जवळ ठेवावा. अमेरिकेत २०११ मध्ये जिवाणूचं जनुक घातलेल्या मक्याला परवानगी मिळाली. अर्जेंटिनात २०२० मध्ये सूर्यफुलाचं जनुक घातलेला एचबी४ गहू मंजूर झाला. ही खरी कामं आहेत, त्यांची थट्टा करू नये. पण मध्यम ताणात थोडं उत्पादन वाचवणं इतकाच यांचा पल्ला आहे. सलग दोन पावसाळे कोरडे गेलेल्या शिवारात ती काही करू शकत नाहीत. उत्पादन हा शेकडो जनुकांचा संसार आहे, एकट्या सुनेनं तो उभा राहत नाही.

एवढं धरूनही दुष्काळाच्या बाबतीत माझं पारडं बियाण्याकडं झुकतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात बियाणं, पेरणीची तारीख, कोळपं आणि बांध याशिवाय काय असतं? पाऊस त्याच्या हातात नाही, कालवा त्याच्या गावाला यायचा नाही. दाणा भरायच्या वेळी आठ-दहा दिवस जास्त तग धरणारी जात त्याला मिळाली तर त्याच्या घरात वर्षाची भाकरी आणि जनावराला कडबा येतो. इथं झाडाकडं मागणं रास्त आहे, आणि त्यावर पैसा खर्च करणंही रास्त आहे.

क्षारांचं प्रकरण वेगळं, आणि मला खरी काळजी आहे ती त्याचीच.

निरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी निरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी येऊन जेमतेम पाव शतक झालं होतं आणि जमीन पांढरी पडू लागली होती. आज ज्या खोऱ्यात ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था उभी आहे, तिथंच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे निदान झालं होतं. त्यानंतर कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठानं सांगली-कोल्हापुरात तेच घडलं.

यातला हिशेब साधा आहे. एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅम क्षार असलेलं विहिरीचं पाणी शेतीला चांगलंच मानतात. उसाला पाटानं वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी दिलं तर एका एकरावर सुमारे ८० लाख लिटर पाणी होतं, आणि त्याबरोबर चार टन क्षार रानात येतात. झाड पाणी पितं, क्षार मागं राहतात. निचरा होणारी जमीन असेल तर पावसाळ्यात ते खाली वाहून जातात. काळ्या चिकट जमिनीत खालचं पाणीच वर चढतं आणि ऊन पडलं की क्षार वरच सोडून उडून जातं. शिरोळ तालुक्यात मार्च महिन्यात एका शेतकऱ्यानं मला आपलं रान दाखवलं. सरीच्या माथ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी, खाली ओल. पाय ठेवला की पोचट लागत होतं. “मीठ फुटलंय बघा,” तो म्हणाला. “पहिल्यांदा हरभरा गेला. मग गहू गेला. आता ऊसबी खुजा राहतोय.” प्रयोगशाळेत न जाता त्यानं पिकांची सोशिकतेची उतरंड मांडली होती, कारण क्षाराला हरभरा फार हळवा, गहू त्याहून पुष्कळ काटक. त्याच्या रानात उसाचा नंबर शेवटी आला तो केवळ बाकी सगळं त्यानं आधीच सोडून दिल्यामुळं. पिकांच्या क्षार-सहनशीलतेची जी जगन्मान्य कोष्टकं आहेत त्यांत कापसाचं उत्पादन घटायला मातीची क्षारता ७.७ डेसिसायमन प्रति मीटर व्हावी लागते, ज्वारीचं ६.८. उसाचं १.७ लाच घटू लागतं. ज्या पिकाच्या पाण्यानं क्षार वर आले, त्या पिकालाच ते सोसत नाहीत.

झाड क्षारांशी कसं झुंजतं? पहिली लढाई दुष्काळासारखीच असते. मातीतलं पाणी खारट झालं की ते मुळाला ओढता येत नाही. रान ओलं आणि झाड तहानलेलं, असा हा दुष्काळ. हीच सारखी सुरुवात दोघांना एका वाक्यात बसवते. दुसरी लढाई मात्र क्षाराचीच. सोडियम हळूहळू पानांत साठत जातं. जुन्या पानांची टोकं जळतात, कारण झाड विष जुन्या पानांत ढकलून कोवळा शेंडा वाचवत असतं. काही झाडं मुळातच सोडियम अडवतात, काही खोडात चढणारं परत काढून घेतात, काही पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत कोंडून ठेवतात. खाडीकाठचं तिवर तर पानावरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतं. उन्हाळ्यात तिवराचं पान जिभेवर ठेवून बघा.

शास्त्रानं इथंही मोठी मजल मारली आहे. केरळच्या खाऱ्या पाण्यातल्या पोक्काळी भातातून क्षार-सहनशीलतेचा एक महत्त्वाचा जनुकखंड सापडला. रानटी गव्हातून आलेलं एक जनुक घातल्यावर ऑस्ट्रेलियात खाऱ्या जमिनीत शेवईच्या गव्हाचं उत्पादन २५ टक्क्यांनी वाढल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनं सीएसआर भात आणि केआरएल गहू या मालिकांतल्या जाती दिल्या आणि उत्तरेत त्या शेतकऱ्यांनी खरोखर पेरल्या. हे यश खोटं नाही. पण त्याचबरोबर हेही खरं की, २००१ साली समुद्राच्या जवळपास निम्म्या खारट पाण्यात वाढणारा टोमॅटो प्रयोगशाळेत तयार झाला आणि जगभर गाजला, तो अजून कुणाच्या बाजारात आलेला नाही. तिवराची जनुकं भातात घालण्याचं काम चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठाननं केलं, तेही शेतापर्यंत पोचलेलं नाही. कुंडीत मीठ मोजून घालता येतं. रानात ते एका सरीत जास्त, दुसरीत कमी, मार्चमध्ये वर, ऑगस्टमध्ये खाली असतं.

आणि क्षारात एक गोष्ट दुष्काळाहून वेगळी आहे, ती सगळ्यात महत्त्वाची. दुष्काळ येतो आणि जातो. क्षार निचरा केल्याशिवाय जात नाहीत, वाढतच जातात. फुले २६५ या उसाच्या जातीनं क्षारपड रानात बऱ्याच शेतकऱ्यांना हात दिला, आणि ज्याचं कर्ज डोक्यावर आहे त्याला ‘ही लावू नको’ म्हणायचा मला अधिकार नाही. पण त्या जातीलाही तितकंच पाणी लागतं, आणि पाण्याबरोबर तितकेच टन क्षार येतात. जात आपल्याला चार-सहा वर्षं मिळवून देते. त्या वर्षांत आपण चर खोदले, सच्छिद्र पाईप टाकले, ठिबक केलं, पीक बदललं तर तिचे उपकार. नाही केलं तर तिच्या आडोशानं रोग मुरत जातो आणि मग ती जातही टिकत नाही. ज्या सुधारणेमुळं दुखणं उघड व्हायला उशीर होतो, तिच्याकडं सावधपणानं बघावं लागतं.

द्राक्षवाल्यांनी यातून एक वेगळी वाट काढली. १९९० च्या दशकापासून सांगली, सोलापूर, नाशिकला डॉगरिजच्या खुंटावर, पुढं ११० आरवर, थॉमसनसारख्या जातींचं कलम होऊ लागलं. रानटी रक्ताचं मूळ दुष्काळ आणि क्षार सोसतं, वर गोड घड येतो. पैसा, ठिबक, माती-पाण्याची तपासणी आणि दर आठवड्याला बागेत फिरणारा माणूस, हे सगळं सोबत होतं म्हणून ते जमलं. खुंट एकटा काही करू शकला नसता.

कोकण-गोव्याकडं बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. रायगडच्या खारजमिनीत काळा रता, भुरा रता हे तांबडे भात, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या जाती. गोव्याच्या खाजनांत कोरगुट. देशी बियाण्याचे कैवारी यांच्याकडं बोट दाखवून म्हणतात, आपल्या आजोबांकडं उत्तर होतंच. त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. या जाती नसत्या तर नव्या जातींना जनुकंच मिळाली नसती. ओल्ड गोव्याच्या केंद्रानं कोरगुटमधूनच निवड करून गोवा धान जाती पुढं आणल्या. पण कोरगुट कधीच एकटा नव्हता. खाडीला मातीचा बांध, बांधात मानस, म्हणजे भरती-ओहोटीच्या जोरावर उघडझाप करणारी लाकडी दारं, आणि त्यांची देखभाल करणारी गावकी. जूनचा पाऊस वरचं मीठ धुऊन काढायचा, मगच लावणी. बांध एकदा फुटला आणि भरतीचं पाणी आठवडाभर आत राहिलं की कोरगुटही मरतो. शिवाय या जातींचं उत्पादन कमी, झाड उंच, लोळणारं. शहरात राहून ‘देशी जपा’ सांगणाऱ्यांनी हे कमी उत्पन्न कुणी सोसायचं तेही सांगावं. खाजनातल्या शेतकऱ्यानं आपल्या पोटाला चिमटा काढून आपल्यासाठी जनुकांचं संग्रहालय चालवावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. भावातून किंवा थेट मदतीतून त्याची भरपाई व्हायला हवी.

माझ्या मते पैसा आणि शब्द कुठं खर्च व्हावेत ते आता सांगतो. कोरडवाहू भागात बियाणं आधी: जमिनीच्या खोलीनुसार, उघडीप कधी पडते त्यानुसार जाती, आणि त्यांना बाजार. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण उसाला जशी कारखान्याची काटा-पावती आहे तशी ज्वारीला खरेदीची खात्री नाही. मग ताण सोसणारं पीक सोडून माणूस ताण न सोसणाऱ्या पिकाकडं जातो, यात त्याचं काय चुकलं? राज्यातल्या पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी असलेला ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो, हे कृषी खर्च व मूल्य आयोगानंच लिहून ठेवलं आहे. काटक ज्वारी आपण कोरड्या रानात टाकली, आणि क्षाराला हळवा ऊस क्षार आणणाऱ्या पाण्यावर नेऊन बसवला. ही वाटणी कुठल्याही जनुकानं दुरुस्त होणार नाही.

कालव्याच्या आणि उपशाच्या भागात मात्र निचरा आधी, बियाणं नंतर. चोपण जमिनीत जिप्सम, धैंचा किंवा तागाचं हिरवळीचं खत, मोजून पाणी, आणि भूमिगत निचरा. हे काम महाग आहे आणि त्याहून अवघड म्हणजे ते एकट्याला करता येत नाही. तीन-चार फूट खोल टाकलेल्या पाईपाला ओढ्यापर्यंत वाट लागते, ती शेजाऱ्याच्या बांधातून जाते, आणि बांधाचं नाव काढलं की गावात काय होतं ते सांगायला नको. शिरोळ भागात सहकारी कारखान्याच्या पुढाकारानं शेकडो शेतकरी एकत्र आले तेव्हाच ही वाट निघाली. यातही एक काटा आहेच. निचऱ्याचं खारं पाणी शेवटी ओढ्यातून नदीला मिळतं आणि खालच्या गावाला जातं. त्याचा बंदोबस्त कोण करणार, हे आजच ठरवावं लागेल, नाहीतर एका तालुक्याचा ताण दुसऱ्याच्या अंगावर जाईल.

‘पुसा डीएसटी’सारख्या जातींचं मी स्वागतच करीन, आकडे उघडे ठेवले तर. संशोधन थांबावं असं कुठल्याच शेतकऱ्याचं म्हणणं नाही, माझंही नाही. पण पुढच्या वेळी कुणी मंत्री किंवा कारखान्याचा अध्यक्ष क्षार सोसणारी जात जाहीर करील तेव्हा त्याच व्यासपीठावर त्यानं निचऱ्याचा आराखडाही ठेवावा, एवढी अट लोकांनी घालावी.

शिरोळच्या त्या शेतकऱ्याकडं मी पुन्हा गेलो तेव्हा डिसेंबर होता. पाईप टाकून एक पावसाळा झाला होता. ओढ्याच्या कडेला जिथं पाईपाचं तोंड निघतं तिथं तो मला घेऊन गेला, धारेखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं. “अजून खारटच हाय,” तो म्हणाला. “अजून दोन पावसाळे तरी जातील.” परत येताना पाईपाच्या जवळच्या सरीला त्यानं थांबवलं. तिथं हरभऱ्याच्या चार ओळी टोकल्या होत्या. रोपं वीतभर झाली होती, कडेची काही पिवळी, मधली हिरवी.